शंभरबोट्याची पत्रं

आमच्या नाक्यावर एक पुतळा होता आणि तो कुणाचाच नव्हता. पुतळ्याखाली एरवी नाव असतं, जन्ममृत्यूची सालं असतात, एखादं वचन असतं. आमच्याकडे चौथऱ्यावर एकच संगमरवरी पाटी होती आणि तिच्यावर अनावरण करणाऱ्या पाहुण्यांचं नाव पदव्यांसकट कोरलेलं होतं. त्यामुळे परगावचे लोक कित्येक वर्षं तो पुतळा त्या पाहुण्यांचाच समजत. पाहुणे हयात होते. तरी एकदा कुणीतरी हार घालून, हात जोडून गेलं होतं म्हणे.

ग्रामपंचायतीला खरं तर 'कष्टकरी भूमिपुत्र' हवा होता. सोपाऱ्याच्या पश्चिमेला तेव्हा सगळ्या वाड्याच, केळीच्या, पानवेलींच्या, मोगऱ्याच्या. तेव्हा भूमिपुत्राच्या खांद्यावर केळ्यांचं लोंगर असावं हे ओघानेच आलं. मग समितीतल्या एका सभासदाने विचारलं की किनाऱ्यावरच्यांनी काय पाप केलंय, म्हणून पायाशी मासा आला. आणखी एकाचं म्हणणं पडलं की एक हात आशीर्वादासारखा वर असल्याशिवाय पुतळ्याला पुतळेपण येत नाही. हे सगळं घडवायचं काम शेजारच्या गावातल्या गणपतीच्या मूर्तिकाराकडे गेलं. आजवर मी सोंडेशिवाय तोंड केलेलं नाही, असं त्याने प्रामाणिकपणे सांगितलं होतं. समितीला तो विनय वाटला.

लोंगर खांद्यावर बसवताना मान आड यायला लागली, तेव्हा त्याने मान काढून टाकली. सिमेंटची केळी जाड आणि वाकडी झाली, इतकी की त्यांची बोटंच झाली. एखादा प्रचंड पंजा मागून येऊन त्या बिचाऱ्याचं डोकं धरतोय, असं रस्त्यावरून दिसायचं. डोळे गणपतीचेच, लांब आणि पाणीदार, पण हत्तीच्या तोंडावर जे शोभतं ते माणसाच्या तोंडावर शोभेलच असं नाही. माशाला दात होते. अनावरणाच्या दिवशी बँड होता, तीन भाषणं होती आणि पाहुण्यांनी दोरी ओढल्यावर पडदा त्या बोटांत अडकून बसला. त्यांनी तीनदा हिसका दिला. शेवटी नारळ पाडणाऱ्या एका माणसाला वर चढवलं आणि त्याने फडकं सोडवता सोडवता पुतळ्याच्या डोक्यावर पाय ठेवला. भूमिपुत्राला समाजाने दिलेला तो पहिला मान. दुसऱ्या दिवशी शाळेत त्याचं नाव शंभरबोट्या पडलं होतं. कुणी पाडलं ते कळलं नाही. चांगल्या नावांचा कर्ता सापडत नाही.

आमचं घर नाक्यापासून आत, वाडीच्या मध्यावर होतं. पहाटे रहाट सुरू व्हायचा आणि त्याची कुरकुर ही आमची जाग. ती थांबली तर बाळंसुद्धा उठून रडायची. बाबांचा आवाज त्या रहाटामुळेच चढा झालेला होता. ते आईला हळूच काही सांगायचे तेव्हा तिसऱ्या वाडीतला माणूस उत्तर द्यायचा. पाटातून पाणी सुटलं की त्याच्या पुढे पुढे पळायचं, ते पोचायच्या आत अळूच्या वाफ्यापर्यंत पोचायचं, हा आम्हा मुलांचा खेळ. आई केळफूल सोलायला बसली की तेलाचा हात करून बसायची, तरी तिची बोटं काळीच. तांदळाची भाकरी, केळफुलाची भाजी, आणि राजेळी केळी सोलून उन्हात वाळत टाकली की आठवडाभर घराला येणारा तो गोड, जरासा आंबूस वास. आता एव्हरशाईन सिटीत, सातव्या मजल्यावर, मी सुकेळी विकत आणते. पाकिटावर झोपडीचं चित्र असतं. वास पाकिटातच राहतो.

बाबांना एकच बहीण, कुसुम. त्यांच्याहून चौदा वर्षांनी लहान. आईवडील लवकर गेल्यामुळे तिला बाबांनीच वाढवलं. तिच्या वेण्यासुद्धा त्यांनी घातल्या आहेत, असं आई सांगायची. मला चित्र काढायला शिकवलं ते कुसुमआत्याने. चुलीतला कोळसा घ्यायचा आणि पडवीच्या भिंतीवर घरातल्या माणसांची तोंडं काढायची. बाबांचं तोंड काढताना ती आधी नाक काढायची आणि मग म्हणायची, आता उरलेल्या जागेत दादाला बसवूया. मी सहा वर्षांची असताना तिने नंदाखालच्या पास्कलशी लग्न केलं. पास्कल ख्रिस्ती, सुतार, सायकलवरून आमच्या रहाटाची दुरुस्ती करायला यायचा. रहाट त्या वर्षी वारंवार का बिघडत होता याचा उलगडा बाबांना उशिरा झाला.

त्या दिवशीचं मला फार आठवत नाही. बाबा भरदुपारी विहिरीवर गेले आणि त्यांनी डोक्यावरून पाणी घेतलं, एकामागून एक, बराच वेळ. आई पडवीत तोंडाला पदर लावून उभी होती. एखादं माणूस गेलं की करायची ती आंघोळ, हे मला पुढे कळलं. बाबा ओल्या अंगानेच आत आले आणि म्हणाले, आपल्यापुरती ती गेली. मग भिंतीवरची तोंडं चुन्याखाली गेली आणि घरात 'कुसुम' हा शब्द कुणी काढेना.

वर्षभराने तिचं एक पत्र आलं. बाबांनी हातात घेतलं, अक्षर पाहिलं आणि पोस्टमनला परत दिलं. तेवढ्या वेळात मी पाठीमागचा पत्ता वाचला. मी तेव्हा दुकानांच्या पाट्या, औषधांच्या बाटल्या, जे दिसेल ते वाचत सुटायचे; पत्ता पाठ व्हायला काहीच लागलं नाही. तो वापरायचं धैर्य यायला मात्र आणखी पाच वर्षं गेली.

मी बारा वर्षांची होते, आणि शंभरबोट्या तेव्हा नुकताच उभा राहिला होता. असा पुतळा आत्याने पाहू नये हे मला सहन होईना. लिहायचं तर काय लिहायचं? पोस्टकार्ड उघडं असतं, गावातला पोस्टमन ते वाचतो आणि मग सोयीने पोचवतो. शब्द लिहिला असता तर तो बाबांपर्यंत संध्याकाळच्या आत आला असता. चित्र काढलं तरी तेच. तेव्हा मला केळीचा चीक आठवला. वाडीतल्या पोराला शाळेत पहिला मार मिळतो तो सदऱ्यावरच्या केळीच्या डागांपायी. चीक अंगावर पडतो तेव्हा पाण्यासारखा असतो, कळतही नाही. संध्याकाळी तिथे पिवळसर छाया दिसते, दुसऱ्या दिवशी तपकिरी, आणि मग तो डाग सदरा फाटेपर्यंत जात नाही.

नारळाच्या झावळीतल्या हिराचं टोक चावून मी कुंचला केला. केळीच्या खुंटावर विळीने चीर दिली की करवंटीत थेंब थेंब चीक जमायचा. पोस्टाचं कोरं कार्ड घेऊन त्यावर भराभर चित्र काढायचं, कारण आपण काय काढतोय ते आपल्यालाही जेमतेम दिसायचं. कार्ड तिरकं धरलं तर ओल्या रेषा चमकायच्या तेवढंच. मग पत्ता पेन्सिलीने, आणि कार्ड थेट लाल पेटीत. ती पेटी शंभरबोट्याच्याच पायाशी होती, माशाच्या दातांसमोर. पेटीत पडताना कार्ड कोरं असायचं. नंदाखालला चालत गेलं तर सव्वा तास लागायचा. पोस्ट खात्याला दोन दिवस लागायचे. तेवढ्या वेळात अंधाऱ्या थैलीत शंभरबोट्या हळूहळू उमटायचा.

पहिल्या कार्डात तो चौथऱ्यावरून एक पाय खाली टाकत होता. दुसऱ्यात चौथरा रिकामा होता आणि मासा एकटाच हसत होता. तिसऱ्यात तो गासच्या मिठागरांच्या बांधावरून येत होता, पाठमोरा, डोक्यावर सगळी बोटं पसरलेली. चौथ्यात निर्मळच्या तलावात पाय सोडून बसला होता आणि पाण्यातल्या त्याच्या सावलीला मात्र मान होती. ही कल्पना मला आजही बरी वाटते. त्यानंतर मी पुष्कळ काही लिहिलं, त्यातलं थोडं छापूनही आलं, पण इतका एकाग्र वाचक मला पुन्हा लाभला नाही. कार्डागणिक तो आत्याच्या घराच्या जवळ जात होता. भीती घालायची होतीच, पण त्याहून जास्त मला कुणीतरी तिच्याकडे जायला हवं होतं.

नंदाखालला काय चालायचं ते नंतर कळलं. तिथला पोस्टमन कार्ड दोन बोटांत लांब धरून आणायचा. आत्याच्या सासूबाई त्यावर पवित्र पाणी शिंपडायच्या, त्यामुळे शंभरबोट्याला कडेकडेने शेवाळ धरल्यासारखं व्हायचं. पास्कलला मात्र ती कार्डं बेहद्द आवडायची. तो म्हणायचा, तुझी भाची मोठी झाली की चर्चमध्ये नरकाचं चित्र तिच्याकडून काढून घेऊ. त्याने ती सगळी रंधा मारायच्या बाकाच्या वरच्या भिंतीला ओळीने टाचली होती. सैतानाला, भुताला, शंभरबोट्याला आपण भीत नाही, असं तो आपल्या आईला ऐकू जाईल अशा बेताने सांगायचा. घरी कोरी कार्डं आईच्या पेटीच्या कप्प्यात असायची. ती कमी होताना तिला दिसली असणारच. तिने एकदा नवीन आणून त्याच जागी ठेवली, एवढंच.

शेवटचं कार्ड मी फार दिवस मनात घोळवत होते. शंभरबोट्या आत्याच्या दारात पोचतो आणि कार्डच धरतो. चित्राच्या आतून बाहेर येऊन. त्यासाठी मी पाचही बोटं चिकात बुडवून कार्डाच्या कडेला उमटवली आणि त्याने ओढल्यावर फाटलं असावं तसा वरचा कोपरा फाडून टाकला. चीक त्या दिवशी भरपूर निघाला होता, मी तो सढळ हाताने वापरला. कार्ड ओलं व्हायला लागलं तरी मला वाटलं, भयानक होतंय. पेटीत टाकलं आणि दोन दिवस आनंदात काढले.

आताच्या वाचकाला इथे थांबून सांगावं लागेल. तेव्हा कोपरा फाटलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. वर 'श्री' नाही, कोपरा नाही. पोस्टमनच्या हातात तसं कार्ड दिसलं की बायका वाचायच्या आधीच रडायला लागत. आता बातमी फोनवर येते आणि त्याखाली कुणीतरी चुकून हसरं तोंड दाबतं. पण हे मला बारा वर्षांची होईपर्यंत माहीत कसं नव्हतं? कारण आमच्या घरात शिस्त होती. तसं कार्ड आलं की बाबा फाटकातच घेत, तिथेच वाचत, तिथेच फाडून टाकत. ते घरात आणायचं नाही, मुलांनी बघायचं नाही. आम्हाला सांगितलं जायचं, गावाहून निरोप आलाय. मुलांना अशुभापासून इतकं जपलं होतं, की एक अशुभ मी स्वतःच्या हाताने तयार करून पेटीत टाकलं.

नंदाखालला पोचेपर्यंत चीक पसरून अख्खं कार्ड काळंकुट्ट झालं होतं. चित्र दिसतच नव्हतं. पास्कलने ते पाहिलं आणि हसला. म्हणाला, या वेळी पोरीने रात्रच काढली. त्याला कोपऱ्याचं काय माहीत? त्यांच्यात निरोप चर्चची घंटा देते. आत्याने कोपरा पाहिला. महिन्यापूर्वी बाबांना टायफॉइड झाला होता आणि ते आठ दिवस दवाखान्यात होते, हे मासेवालीने तिच्या कानावर घातलं होतं. ते घरी आले, पेज-भात खाऊन पुन्हा रहाटावर ओरडू लागले, हे सांगायला मासेवाली पुन्हा त्या बाजूला गेली नव्हती. तेव्हा आत्याने जो अर्थ लावला तो कुणीही लावला असता. दादा गेला, घरातलं मोठं माणूस कुणी कळवणार नाही, आणि त्या पोरीने चोरून, तिला जमलं तसं कळवलं.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. ऊन चढलं होतं. मी पडवीत वालाच्या शेंगा सोलत बसले होते. फाटक वाजलं आणि एक बाई आत आली. ओले केस, सुजलेले डोळे, हातात पितळी डबा. सहा वर्षांत मी तिला पाहिलं नव्हतं, तरी नाकावरून ओळखलं. आमचं सगळ्यांचं नाक एकच आहे. आई आवाज ऐकून हात पुसत बाहेर आली. आत्याने डबा खाली ठेवला आणि "वहिनी" म्हणून तिच्या गळ्यात पडली. आईही रडायला लागली. आत्या रडत होती ती भाऊ गेला म्हणून, आई रडत होती ती नणंद आली म्हणून, आणि दोघींपैकी एकीलाही विचारायची गरज वाटली नाही. आई म्हणाली, "किती दिवसांनी गं." आत्या म्हणाली, "शेवटचं तोंडसुद्धा दिसलं नाही." आईला वाटलं ती स्वतःच्या जाण्याबद्दल बोलतेय, म्हणून ती आणखी रडली.

रडण्याचा आवाज वाडीत गेला. बाबा हातात फावडं घेऊन, गुडघ्यापर्यंत चिखलात माखलेले, घराच्या बाजूने पळत आले आणि त्यांनी विचारलं, "कोण गेलं?"

आत्याने आईच्या खांद्यावरून वर पाहिलं. तिच्या तोंडचा रंग कसा गेला ते मी विसरलेले नाही. माझ्या कुठल्याच कार्डाने तो घालवला नसेल. ती पायरीवर बसली.  मग तिने पिशवीतून ते काळं कार्ड काढून पुढे धरलं. बाबांनी ते घेतलं, उलटंपालटं केलं, पत्त्यावरचं अक्षर पाहिलं आणि माझ्याकडे बघितलं.

"कोपरा कोणी फाडला?"

मी सांगितलं, मी फाडला. मग अर्धवट खोटं नको म्हणून हेही सांगितलं की शंभरबोट्याने ओढला असं दाखवायचं होतं. आणि मग, आता वाचत नाहीच म्हटल्यावर, गास, मिठागर, निर्मळचा तलाव, सगळंच सांगून टाकलं. बाबा ऐकत राहिले. फावडं भिंतीला लावायचं त्यांना सुचलं नव्हतं. मला मार बसणार याबद्दल मला शंका नव्हती, पण मला खरी भीती त्याची नव्हती. आत्या आता उठेल, डबा उचलेल आणि जाईल, आणि या वेळी ती माझ्यामुळे गेलेली असेल. मी तिच्या पदराचं टोक धरून ठेवलं होतं. बाबांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. ते तिच्या ओल्या केसांकडे बघत होते.

"आंघोळ करून आलीस?"

"हो."

"कुणाच्या नावाने?"

"तुझ्या," आत्या म्हणाली. "दुसऱ्या कुणाच्या करणार?"

बाबांनी मान वळवून विहिरीकडे पाहिलं. आईनेही पाहिलं. आत्याला त्या दुपारच्या आंघोळीचं कुणी सांगितलं होतं की नाही मला माहीत नाही. मी पुढे तिला विचारलंही नाही. मग बाबा डब्याकडे वळून म्हणाले, यात काय आहे? पिठलं-भात, आत्या म्हणाली. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरी चूल पेटत नाही, म्हणून शेजारीपाजारी पिठलं-भात आणून देतात. तिने स्वतःच्या चुलीवर तो करून नंदाखालहून उन्हातून आणला होता. आई लगबगीने पुढे झाली. म्हणाली, मी ते गाईला घालते, हसत्याखेळत्या घरात ते खायचं नसतं.

"अहो, ते सुतकाचं आहे," तिने पुन्हा सांगितलं, कारण बाबा पाय धुऊन आत गेले होते आणि पाटावर बसले होते.

"माझ्याच ना? मग मीच खातो. वाढ."

सहा वर्षं ज्या घरचं पत्रसुद्धा हातात धरलं नाही, त्या घरच्या चुलीवरचं अन्न ते खात होते. घाईने नाही, नेहमीसारखं, पहिला घास बाजूला काढून. आत्या दाराच्या चौकटीला धरून उभी होती. उंबऱ्याच्या आत अजून तिने पाऊल टाकलेलं नव्हतं. दोन घास झाल्यावर बाबा म्हणाले, "मीठ कमी आहे."

"रडत केलंय," आत्या म्हणाली. "चव कोण बघतं?"

"अळणी जेवूनच उठलो असतो म्हणजे." त्यांनी आईला खूण केली, आईने मिठाचं भांडं आणलं आणि जाता जाता आत्याचा हात धरून तिला सहज आत ओढलं, जसं दारात आडवं आलेलं वासरू आपण ओढतो. बाबांनी ते पाहिलं आणि भातात मीठ कालवलं. मग कुणाकडेही न बघता विचारलं, "आणि तो?"

"रस्त्यावर उभाय. सायकलवरून सोडलं मला. आत ये म्हटलं तर म्हणाला, मेल्यावर तरी दादाला माझा त्रास नको."

बाबांचा घास हातात राहिला. ते हसले असं मी म्हणणार नाही. त्यांच्या नाकपुड्या जरा हलल्या. मग मला म्हणाले, जा, त्याला विचार, जेवलाय का.

मी धावत सुटले. पास्कल रस्त्यापलीकडे आंब्याच्या सावलीत सायकलला टेकून उभा होता, हॅट काढून छातीशी धरलेली. आमच्याकडून आलेला रडण्याचा आवाज त्याने ऐकला होता आणि त्याला जे समजायचं ते तो समजला होता. मला पाहताच त्याचे डोळे भरून आले. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला, काहीतरी सांत्वनाचं बोलायला लागला. मला धाप लागली होती. मला दिलेला निरोप मी जसाच्या तसा सांगितला.

"बाबांनी विचारलंय, तुम्ही जेवलात का?"

सैतानाला, भुताला आणि शंभरबोट्याला न भिणाऱ्या त्या माणसाने हात माझ्या डोक्यावरून झटकन काढला आणि कपाळापासून छातीपर्यंत क्रूस केला. तो माझ्या खांद्यावरून घराकडे बघत होता. तेवढ्यात आतून, सगळी वाडी ओलांडून, बाबांचा आवाज आला, "पान वाढलंय म्हणावं त्याला," आणि सायकल पडली.